क्ष-किरणयंत्र आणि ते चालविणारा माणूस

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला, आणि 1897-98 मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत ते यंत्र जखमी सैनिकांच्या शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधू लागले. यंत्राला आपल्याकडे यावयास दोनतीन वर्षे पुरली. ते चालविणारा माणूस घडावयास मात्र कितीतरी अधिक काळ लागला. सरकारी दप्तरात यंत्राची खरेदी एका सहीने होते. माणूस तसा विकत घेता येत नाही. ही दुसरी, मागे राहिलेली कहाणीच मला श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

क्ष-किरणचित्र म्हणजे अखेर एक छाया. रुग्ण किंचित वळून उभा राहिला, त्याने श्वास पुरता रोखला नाही, किंवा अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याचे द्रावण शिळे असले, की ती छाया खोटी साक्ष देते. संपन्न इस्पितळात चित्र पुन्हा घेता येते. पण जेथे फिल्म मोजून मिळते आणि रुग्ण दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो, तेथे ही चूक त्याच्या साऱ्या घराला भोवते. यंत्र चालविणाऱ्यालाही धोका असतोच. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याच किरणांच्या माऱ्याने 1904 मध्ये दगावला. तेव्हा साधने जितकी तुटपुंजी, तितके शिक्षण चोख असावे लागते. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरींनी हे ओळखले होते. रणभूमीसाठी फिरत्या क्ष-किरणगाड्या उभारल्यावर त्यांनी सुमारे 150 स्त्रियांना ते काम शिकविले.

आपल्याकडे ही निकड भासली ती क्षयरोगामुळे. दिल्लीत 1940 मध्ये एक नमुनेदार क्षयचिकित्सालय सुरू झाले. 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने त्याचे शिक्षण व प्रात्यक्षिक केंद्र झाले. न्यू दिल्ली टीबी सेंटर ते हेच. पुढे 1955 ते 1958 या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशव्यापी पाहणी केली. तिच्या सहा विभागांपैकी दिल्ली हा एक होता. छातीची चित्रे लहान फिल्मवर घेण्यात आली, आणि क्षय शहराइतकाच खेड्यातही पसरला आहे हे उघड झाले. मग मोजक्या आरोग्यधामांवर विसंबून कसे भागावे? उपचार जिल्ह्याजिल्ह्यात नेणे भाग होते, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात शिकलेली माणसे हवी होती.

1959 मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा केंद्रातील डॉक्टर, क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा सहकाऱ्यांना तेथे शिक्षण मिळू लागले. या शिक्षणाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. छायेवरून रोगाचा संशय घ्यावा, परंतु निर्णय शक्यतो बेडक्यातील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करावा, असे या कार्यक्रमाचे धोरण होते. यंत्र केव्हा वापरू नये हे जाणणे, हाही विद्येचाच भाग होय. गरीब देशाला तर तो अधिकच मोलाचा.

आता अंधारी खोली बहुतेक ठिकाणी गेली आणि फिल्मची जागा पडद्याने घेतली आहे. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या क्षयतपासणीत छातीचे चित्र संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये संमती दिली. त्याच वर्षी आपल्या संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, आणि क्ष-किरण तंत्रज्ञाच्या शिक्षणाला व नोंदणीला राष्ट्रीय पातळीवर कायद्याचा आधार मिळाला. तिराहच्या तंबूपासून येथवर यावयास जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली.

संगणक चित्र वाचील खरे. पण रुग्णाला नीट उभे करून, धीर देऊन, ‘श्वास रोखा’ म्हणणारे कोणीतरी लागणारच. त्याचे काम कच्चे राहिले तर शहाण्यातला शहाणा संगणकही खोटीच छाया वाचील. म्हणून एखाद्या तालुक्याला नवे यंत्र मिळाल्याची वार्ता ऐकली, की आनंद अवश्य मानावा. पण ते चालविणारा कोण, आणि तो कोठे शिकला, हेही विचारावे.