जुन्या गाडीवरचा आळ

मे महिन्यात धारूरच्या घाटात माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. तेलगाव सोडून चढाला लागलो होतो. पुढे भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि दोर बांधून गाडी वडवणीला आणली. दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याचा एकच निकाल: "गुरुजी, अकरा वर्षं झाली गाडीला, त्यात डिझेल. इंजिनाचं काम निघालं समजा. येईल त्या भावात काढून टाका."

सांगणारे सगळे माझ्या हिताचेच. पण सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी आपल्या भागात धडधाकट गाड्या मातीमोल विकून लोक पाच-पाच वर्षांचे हप्ते अंगावर घेतात.

आधी पूर्वपक्ष. छोट्या एसयूव्हींची लाट आली ती 2012 च्या डस्टरपासून. मग 2013 ला इकोस्पोर्ट, 2015 ला टीयूव्ही 300, 2016 ला ब्रेझा. त्या वेळच्या गाड्या आता दहा वर्षांच्या आसपास किंवा पुढे गेल्या. या वयात क्लच जातो, सस्पेन्शन खडखडतं, एसीची कॉइल गळते, इंजेक्टर आणि टर्बो कुरकुर करतात. एकेक बिल पाच आकडी. वर सरकार जुन्या गाड्या भंगारात काढायला निघालंय. तेव्हा खर्च अंगावर येण्याआधी सुटका करून घ्यावी, असं म्हणणं. यातली बिघाडांची यादी खरी आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

कायद्याचं आधी उरकतो. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशातली, आणि ती दिल्ली व राजधानी परिसरापुरती होती. बीड जिल्ह्याचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत गाडी पास झाली की पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये झालं, आणि पर्यावरण कर वेगळा. भुर्दंड आहे, बंदी नाही.

दुसरी गफलत नावातच आहे. एसयूव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जीप येते. बोलेरो किंवा टीयूव्ही 300 खाली वेगळी चौकट असलेल्या, मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या आहेत. इकोस्पोर्ट मात्र फिएस्टाच्या सांगाड्यावर उभी आहे, डस्टर लोगानच्या. म्हणजे अंग मोटारीचं, उंची तेवढी वाढवलेली. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी करात सूट दिली, म्हणून पुढे अनेक कंपन्यांनी हा घाट चार मीटरच्या आत बसवला. अशी गाडी ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेल्या शेतरस्त्यावर त्याच वेगाने पळवली की लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश बोलणारच. ते दोन-चार हजारांचं काम आहे. त्या आवाजाला "गाडी खिळखिळी झाली" म्हणणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पायाला दोष देणं.

आता मूळ मुद्दा, वयाचा. बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय: आस, चाकं, जू, की दांडी? यांतलं एकही रथ नव्हे. यांच्या जुळणीला रथ हे नाव. गाडीचं अगदी तसंच आहे. जुने होतात ते भाग, आणि प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने. रबरी होस, बुश, बॅटरी, कूलंट यांना वर्षं खातात. क्लच आणि ब्रेकपॅड किलोमीटर खातात. टायमिंग बेल्टला दोन्ही. ब्रेझाच्या डिझेल इंजिनात बेल्ट नाही, साखळी आहे. डस्टरच्या डिझेलला बेल्ट आहे आणि तो मुदतीत बदलावाच लागतो. सेटला आठ-दहा हजार लागतात. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं. लोक हे पाहतात आणि म्हणतात, बघा, वय झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच ते.

इंजेक्टर आणि टर्बो तर बहुधा आपल्याच हाताने जातात. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेलं डिझेल, त्यातलं पाणी आणि गाळ वेळ पडली की गाडीत ओततो. हजाराच्या आसपासचा फिल्टर वेळेवर बदलत नाही, आणि चार इंजेक्टर पन्नास हजारांच्या घरात जातात. नव्या गाडीशी असं वागलं तर तीही हेच दाखवील.

1978 साली अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या नॉलन आणि हीप यांनी विमानांच्या सुट्या भागांवर एक अहवाल लिहिला. वय वाढेल तसा बिघाड वाढतो, असा नमुना त्यांना जेमतेम 11 टक्के भागांत सापडला. मोटारीचा आकडा तोच निघेल असं मी म्हणत नाही, रबर झिजतंच. पण वय हे एकच कारण सगळ्या बिघाडांना लावता येत नाही, हे त्यातून पक्कं होतं.

आणि माझं इंजिन? मिस्त्रीने गाडी पूर्ण थंड होऊ दिली. ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवलं. दुधाळ साका नव्हता. सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. मग रेडिएटरखाली टोपलं ठेवून पाणी सोडलं. मातकट, तांबूस पाणी, आणि तळाला पांढरे खपले. "सर, बोअरचं पाणी हाय हे. हिटरला घरी कसा पांढरा थर बसतो, बघितलाय ना? तोच आत बसलाय." थर्मोस्टॅट काढला तर क्षाराने अर्धवट उघडा अडकलेला. दोन उन्हाळे टाकी कमी दिसली की मीच बाटलीने पाणी ओतलं होतं. कूलंटमध्ये गंजरोधक असतो, त्याचा उत्कलनबिंदूही पाण्यापेक्षा वर असतो. मी ते पातळ करत गेलो. दोष अकरा वर्षांचा नव्हता, माझा होता. रेडिएटरची सफाई, थर्मोस्टॅट, नवं कूलंट: 4,300 रुपये.

आता हिशेब मांडा. नव्या गाडीला 8 लाखांचं कर्ज, 9 टक्के दर, पाच वर्षं: हप्ता महिना 16,600. पाच वर्षांचं नुसतं व्याज 1 लाख 96 हजार, म्हणजे वर्षाला सरासरी 39 हजार. जुन्या गाडीत एका वर्षी क्लच आणि टायमिंग बेल्ट दोन्ही निघाले तरी तेवढे होत नाहीत. गाडीचं मुद्दल अजून धरलेलंच नाही.

गाडी काढावीच अशा वेळाही आहेत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले. तशा पाण्यात गाडी डॅशबोर्डपर्यंत उभी राहिली असेल तर वायरिंगमागे पैसे घालू नका. सांगाडा गंजला असेल, अपघातात वाकला असेल, किंवा एखादा मुख्य भाग बाजारात मिळतच नसेल, तरीही काढा. ही कारणं गाडीपाशी जाऊन, खाली वाकून तपासावी लागतात. आरसी बुकावरचं साल पाहून ती कळत नाहीत.

उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत बघा. रंग मातकट दिसला तर गिऱ्हाईक शोधण्याआधी मिस्त्री गाठा.