तळटीप : ‘दबलेली काच’

* दबलेली काच : लेखकाने हा शब्द जरा सैल वापरला आहे. कोणतीही काच दाबली की आक्रसते, सोडली की पूर्ववत होते. सिलिका काचेवर मात्र साधारण ९ गिगापास्कलपेक्षा, म्हणजे हवेच्या दाबाच्या नव्वदेक हजार पटींहून, जास्त दाब दिला तर ती घट्टच राहते. ब्रिजमन आणि शिमोन यांनी १९५३ मध्ये हे नोंदवले. घनता २.२ वरून २.६ पर्यंत चढते, तरी स्फटिक होत नाही. म्हणून क्ष-किरणांत नुसती धूसर वलये दिसतात. लेसरचा झोत टाकून पाहिलेला रामन वर्णपट अधिक बोलका : ४४० जवळचा रुंद उंचवटा (एकक : प्रति सेंटिमीटर) वर सरकून अरुंद होतो, ६०६ जवळची तीन सिलिकॉन अणूंच्या कड्यांची रेघ ठळक होते. पुढे सर्वत्र ‘दबलेली’ म्हणजे दाब काढल्यावरही घट्ट राहिलेली, असेच वाचावे. – संपा.