हजारामागे मजुरी

‘हजारामागे मजुरी’ : गोंदिया-भंडारा पट्ट्यात बिडीची मजुरी दिवसावर नव्हे, दर हजार बिड्यांमागे ठरते. तेंदूपान कातरणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे, सारे घरीच, मांडीवर सूप घेऊन. पान आणि तंबाखू ठेकेदार देतो. खराब म्हणून काढलेल्या बिड्यांची मजुरी बुडते. मुंबईच्या गिरणीत हजारो कामगार एका फाटकातून आत जात, म्हणून युनियन उभी राहिली आणि पगारातून पुढच्या पिढीचे शिक्षण झाले. बिडीवाल्या बाईला असे फाटकच नाही. तिच्या कमाईला बरकत नाही ती कष्ट कमी पडतात म्हणून नव्हे, तर भाव ठरवताना ती एकटी असते म्हणून. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले आणि बिड्या नाकारण्यावरून होणारे वाद सोडवण्याची सोय केली; 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

मजुरी वाढली की धंदा शेजारच्या राज्यात जातो, हा आक्षेप खोटा नाही. केंद्रीय कायदा झाला तो याच कारणाने. पण किमान वेतन राज्यागणिक वेगळे राहिले आणि पळवाट उरली. त्यावर उपाय सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखा दर हाच; गोंदियाने मजुरी कमी ठेवणे हा नव्हे. — संपा.