हातातला स्कॅनर आणि परवानामुक्त लहरी

पार्सल घेऊन दाराशी आलेल्या माणसाच्या हातातील यंत्र बारकोड वाचते, त्याची नोंद दूरच्या संगणकाकडे धाडते आणि कमरेला लावलेल्या छोट्या प्रिंटरवर पावती छापविते. या यंत्राचा इतिहास बहुधा शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो निम्मा परवानग्यांचा इतिहास आहे.

बारकोडचे पेटंट नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकनांना १९५२ मध्ये मिळाले. मोर्स संकेतातील ठिपके आणि रेषा खाली ओढल्या की पट्ट्या तयार होतात, ही कल्पना वुडलँड यांना मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटे फिरविताना सुचली. पट्ट्या वाचण्यासाठी मात्र त्यांच्याजवळ ५०० वॅटचा दिवा होता. त्याच्या उष्णतेने कागद होरपळत असे. अरुंद, प्रखर आणि तरीही थंड असा प्रकाशझोत हवा होता. तो लेसरने दिला, आणि लेसर अवतरला १९६० मध्ये. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमचे पाकीट लेसरखालून गेले. तो स्कॅनर गल्ल्याच्या टेबलातच बसविलेला होता.

हातात धरता येणारा लेसर स्कॅनर सिम्बॉल टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९८० मध्ये आणला. परंतु त्याला वायर होती. गोदामातला कामगार वायरीच्या लांबीइतकाच फिरणार, अथवा नोंदी यंत्रात साठवून पाळी संपल्यावर संगणकात उतरविणार. तोवर माल दुसऱ्याच फळीवर गेलेला असे. छपाईचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला होता: उष्णतेने काळा पडणारा कागद आणि त्यावर टेकणारे इवलेसे तापक ठिपके, शाई नको, फीत नको. या तंत्राच्या मुळाशी असलेले जॅक किल्बी हेच इंटिग्रेटेड सर्किटसाठी २००० सालच्या नोबेलचे मानकरी.

वायर तोडण्यास रेडिओलहरी हव्या होत्या आणि लहरींना परवाना लागे. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तीन कंप्रतापट्टे विनापरवाना संदेशवहनास खुले केले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ ओवाळून टाकलेलाच होता, कारण तेथे मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट असतो. अट एवढीच, की संदेशाची ऊर्जा रुंद पट्ट्यावर पसरावी, म्हणजे एखाद्या अरुंद अडथळ्याने तो बुडत नाही आणि इतरांनाही त्याचा उपद्रव कमी होतो. या सवलतीचा लाभ प्रथम घेणाऱ्यांत दुकाने आणि गोदामे होती. गल्ले बनविणाऱ्या एनसीआर कंपनीचे नेदरलँड्समधील अभियंते या कामात आघाडीवर होते आणि त्यातूनच १९९७ चे ८०२.११ हे मानक घडले. आज घरोघरी असलेल्या वाय-फायची एक आजी अशी दुकानात बसलेली आहे!

भारतात १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार असे उपकरण नुसते बाळगण्यासही परवाना आवश्यक होता. २.४ गिगाहर्ट्झच्या कमी शक्तीच्या उपकरणांना व्यापक सूट मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे अमेरिकेनंतर सुमारे वीस वर्षांनी. संरक्षण आणि इतर सेवांच्या लहरींची काळजी रास्त होती; तरीही हा काळ फार मोठा, असे मला वाटते. गोदामातला वाय-फाय स्कॅनर आणि ब्लूटूथने त्याला जोडलेला प्रिंटर दोन्ही याच पट्ट्यात बोलतात.

त्याच वर्षी आरएफआयडीसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला. फास्टॅग त्यावरच चालतो. अमेरिकेत याच कामासाठी ९०२ ते ९२८ असा २६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आपल्याकडे तेव्हा अवघा दोनचा होता. कारण ९०० च्या आसपासची जागा येथे मोबाइल सेवेने आधीच व्यापलेली होती. म्हणून वस्तूवर चिकटविलेली निष्क्रिय चकती दोन्ही देशांत वाचता येते, पण तिकडचा वाचक येथे आणून तसाच सुरू करता येत नाही. त्याची कंप्रता बदलूनच घ्यावी लागते.