चेरीताल : बुजलेल्या तळ्याची आठवण

जबलपुरातील चेरीताल आज दाट वस्ती आहे. तळे उरले आहे ते नावात. लोकपरंपरेनुसार राणीताल राणी दुर्गावतीचे, आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याचे, तर चेरीताल तिच्या दासीचे.

२२ मे १९९७ रोजी पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हे शहर हादरले. नर्मदा-शोण पट्ट्यातील या भूकंपाचे नाभिस्थान सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. तीसहून अधिक माणसे दगावली. पुढे शहराच्या मातीचे थर तपासून भूकंप-जोखमीचा सूक्ष्म नकाशा तयार झाला; देशातील अशा आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. मऊ गाळात आणि भरावात भूकंपलहरींचा वेग मंदावतो, पण हादरा वाढतो. म्हणूनच बुजलेल्या तळ्यांची नोंद मोलाची ठरते.

नेपाळमधील काठमांडूचे खोरेही प्राचीन सरोवराच्या गाळावर वसले आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तेथे रुग्णांवर उघड्यावर, तंबूंत उपचार करावे लागले. भारताची पथके तातडीने गेली. तरी पहिले काही तास स्थानिकांनाच निभवावे लागले.

रुग्णालय कोठे उभारावे, रुग्णवाहिका कोणत्या गल्लीतून जाईल, जखमींसाठी कोणते मैदान मोकळे ठेवावे, हे भूकंपाआधीच ठरवावे लागते. त्या निर्णयांचा पाया म्हणजे पायाखालच्या जमिनीचा इतिहास.