वकिलाच्या वाटेने लंडन

पंचकुल्यात राहणाऱ्या माणसाला रस्ता चुकण्याचे सुख फारसे लाभत नाही. शेजारच्या चंडीगढप्रमाणे आमचे गावही सेक्टरांत आखलेले. आकडा ठाऊक असला की घर सापडलेच म्हणून समजावे. शिवालिकच्या टेकड्या आणि घग्गरचे पात्र सोडले, तर आमच्या वयाहून जुने असे येथे थोडकेच आहे. अशा नव्या नगरातून निघून आम्ही उभयता मागील उन्हाळ्यात लंडनला गेलो, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. हे शहर सहलीच्या मोटारीतून पाहायचे नाही आणि कोणा वाटाड्याच्या मागे मेंढरासारखे चालायचेही नाही. एका कागदावर पाचसहा ठिकाणे लिहून घ्यायची आणि पायी निघायचे. राजवाडे आणि राण्यांचे मुकुट यांचे लंडन सर्वांनाच ठाऊक आहे. आम्हांला पाहायचे होते ते अर्जदारांचे लंडन.

कागदावरचे पहिले नाव होते लेडनहॉल स्ट्रीट. शहराच्या अगदी जुन्या भागातल्या या रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय होते. कंपनीची सत्ता १८५८ मध्ये संपली आणि पुढे थोड्याच वर्षांत ती भव्य इमारतही पाडण्यात आली. आज त्या जागी लॉईड्स या विमासंस्थेची पोलाद आणि काच यांची उंच वास्तू उभी आहे. तिचे नळ, जिने आणि पाळणे सारे बाहेरच्या अंगाला आहेत. जणू एखादा अंगरखा उलटा करून घातला आहे. भोवताली विमा आणि सराफीच्या कचेऱ्यांतील माणसे लगबगीने जात होती. आमच्यासारखी दोन वृद्ध माणसे पदपथावर उभी राहून तेथे नसलेल्या इमारतीकडे का पाहत आहेत, असा प्रश्न त्यांना पडला असल्यास नवल नाही.

आम्ही तेथे थांबलो ते रंगो बापूजी गुप्ते यांच्यासाठी. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने गादीवरून दूर केले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरकरांशी संधान बांधून, कंपनीचे शिपाई फितवून बंड उभारण्याचा कट त्यांनी केला, असा आरोप होता. कबुलीच्या कागदावर सही केल्यास गादी राहील असे त्यांना सुचवण्यात आले. महाराजांनी सही केली नाही. त्यांची रवानगी काशीला झाली आणि त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले. तेथून ते परतले १८५३ च्या अखेरीस.

तेरा-चौदा वर्षे हा आकडा लिहायला सोपा आहे. तो जगणे कसे असेल याची कल्पना त्या पदपथावर उभे राहिल्यावर थोडीशी येते. परका मुलूख, परकी भाषा, कडाक्याची थंडी आणि पैशाची सदैव ओढ. कंपनीच्या संचालकांनी त्यांना वकील म्हणून मान्यताच दिली नाही. तरीही त्यांनी इंग्रजीत निवेदने छापून घेतली, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी घेतल्या आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांत साताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहील अशी तजवीज केली. जॉर्ज टॉम्सन, जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या न्यायप्रिय इंग्रजांनी त्यांची बाजू उचलून धरली, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस निवर्तले. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जागी बसविलेले शहाजी वारले आणि वारस नामंजूर करून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. ज्या धन्यासाठी वकिली करायची तो धनी उरला नाही, जे राज्य परत मागायचे ते राज्यही उरले नाही. आणि वकील मात्र आणखी पाच वर्षे लंडनमध्ये अर्ज करीतच राहिला!

लेडनहॉलवरून पश्चिमेकडे कॉर्नहिल, चीपसाइड असे चालत गेले की सेंट पॉलचे मंदिर लागते. क्रिस्टोफर रेनने आखलेल्या या मंदिराचे काम १६७५ मध्ये सुरू झाले. हा सन वाचताच आमच्या मनात आदले वर्ष उभे राहिले. १६७४ च्या ज्येष्ठात रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईहून कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन गडावर आला होता. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याचे मागणे होते. त्याला दरबारात उभे राहू दिले, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि तहही झाला. त्यानंतर १६६ वर्षांनी त्याच छत्रपतींच्या वंशजाचा वकील त्याच कंपनीच्या दारी उभा राहिला, तेव्हा त्याला वकील म्हणून ओळखण्याचेही सौजन्य कोणी दाखवले नाही. दोन सत्तांच्या स्वभावातला फरक सांगायला याहून अधिक काय हवे?

मंदिराच्या तळघरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनची समाधी आहे. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. त्याची अंत्ययात्रा १८५२ च्या नोव्हेंबरात निघाली तेव्हा सारे लंडन रस्त्यावर लोटले होते. रंगो बापूजी त्या वेळी लंडनमध्येच होते. ती यात्रा त्यांनी पाहिली की नाही, याची चर्चा आम्ही करीत नाही. एकाच नगरात, एकाच वर्षी, मराठ्यांना जिंकणारा आणि मराठ्यांची कैफियत मांडणारा असे दोघे होते, एवढे आम्हांला पुरे आहे. एकाला दगडी समाधी मिळाली. दुसऱ्याच्या नावाची पाटी आमच्या त्या वाटेवर आम्हांला कोठे आढळली नाही.

लडगेट हिल उतरून फ्लीट स्ट्रीटने पुढे गेले की उच्च न्यायालयाची कमानींची इमारत येते. चिरोलविरुद्ध लोकमान्य टिळकांनी लावलेला खटला १९१९ च्या आरंभी लंडनच्या न्यायासनापुढे चालला आणि ते तो हरले. तेथून जवळच ग्रेज इन आहे. सावरकर याच संस्थेत कायदा शिकले. आणि याच लंडनमध्ये राहून त्यांनी १८५७ च्या समरावर ग्रंथ लिहिला, त्यात रंगो बापूजींचे कार्य आदराने नोंदवले. तो ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले तेही ग्रेज इनमधूनच, १९२२ मध्ये.

तेथून उत्तरेस चालत आम्ही ब्रिटिश ग्रंथालयापाशी आलो, तोवर पाय बोलू लागले होते. इंडिया ऑफिसची सारी दप्तरे आता येथे आहेत. ऑक्झिंडेनच्या काळातला कंपनीचा पत्रव्यवहार येथे आहे आणि सातारा प्रकरणाचे कागदही येथेच आहेत. ज्याला वकील मानले नाही, त्याचे अर्ज मात्र क्रमांक घालून जपून ठेवले! इतिहासाचा हा विनोद कडू खरा, पण त्यामुळेच आज त्या माणसाची चिकाटी आपल्याला कागदावर पाहता येते.

दुसऱ्या दिवशी हाउली प्लेसवरील दहा क्रमांकाचे घर पाहिले. १९१८-१९ मध्ये टिळक येथे राहत होते. तशी निळी पाटी १९६१ साली तेथे लागली. जवळून कालवा वाहतो. त्याच्या काठाकाठाने, मध्ये बोगद्यावरचा रस्ता धरून, प्रिमरोझ हिलपर्यंत चालत गेलो. टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचेच दुसरे घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि २०१५ पासून ते त्यांचे स्मारक आहे. रंगो बापूजी येथे न्याय मागायला आले, टिळक न्यायासाठी भांडायला आले आणि आंबेडकर न्याय घडविण्याची विद्या घेऊन परत गेले. ऐंशी वर्षांचा हा प्रवास दोन दिवसांच्या पायपिटीत आमच्या डोळ्यांपुढून गेला.

रंगो बापूजींची अखेर मात्र कोणत्याच घराशी बांधलेली नाही. १८५७ मध्ये साताऱ्यास उठावाची तयारी उघडकीस आली. त्यांचा पुत्र सीताराम फासावर गेला. बापूजींना पकडण्यासाठी सरकारने जंग जंग पछाडले, पण ते हाती लागले नाहीत ते कायमचेच.

पंचकुल्याला परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही नेहमीच्या रस्त्याने फिरत होतो. येथून सरहिंद दूर नाही. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादांच्या फौजेने ते जिंकले. दिल्लीला जाताना पानिपत लागते. उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना पूर्वजांची आठवण येते ती या दोन नावांनी: तलवारीच्या यशाची आणि तलवारीच्या अपयशाची. पण आम्ही मंडळी येथे फौजेबरोबर आलो नाही. एक ट्रंक, नेमणुकीचा कागद आणि परकी बोली घेऊन आलो. आपले म्हणणे शांतपणे, पुन्हा पुन्हा मांडत राहिलो. आमचा खरा पूर्वज घोड्यावर बसलेला नसून लेडनहॉलच्या दारात अर्ज हाती घेऊन उभा आहे, असे आता आम्हांला वाटते. त्याला दार उघडले गेले नाही. आज ते दारही तेथे नाही. अर्ज मात्र शिल्लक आहे.