मघेखालचा दोन दिवसांचा गुरू

फाल्गुनातली रात्र, साल 1685च्या आसपासचं. तुम्ही रोह्याजवळ, कुंडलिकेकाठी अष्टमीच्या बंदरात उभे आहात. रेवदंड्याच्या खाडीतून भरतीचं पाणी चढतंय आणि त्याच्यासोबत मचवे. गुडघाभर चिखलात उतरलेले गडी भाताच्या गोणी पाठीवर घेऊन फळीवर चढतायत. वर अवचितगड, पलीकडे रायगडावर संभाजीराजे. 1674 साली राज्याभिषेकाला निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच अष्टमीवरून पुढे गेला होता.

धक्क्यावर जोशीबुवा बसलेत. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला किती काळ लागतो, विचारा. ते लगेच सांगतील: बारा वर्षं, गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ. त्या राशीतली मघा ते बोटाने दाखवतील. त्या बोटाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला बघा. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही, पण सूर्याहून थोडा मोठा एक तारा आहे, आणि त्याच्याभोवती आपल्या गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ग्रह दोन दिवस सव्वातीन तासांत फेरी पुरी करतोय. बुवांना हे जरूर सांगा. ते धूळपाटी पुढे ओढून त्रैराशिक मांडतील.

आता तिथेच चला. तारा अवघ्या 52 लाख किलोमीटरवर. आपला बुध सूर्यापासून याच्या अकरापट लांब. तुमच्या डोक्यावरचं ताऱ्याचं बिंब आपल्या सूर्याच्या तीसपटींहून रुंद दिसतं. पायाखाली जमीन नाही, तापलेला वायू आहे, हजार अंशांच्या वरचा. ज्या ओढीने अष्टमीपर्यंत भरती चढते, तीच इथे इतकी जबर आहे की ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे जखडलेली असणार. तिथे सिंहस्थ दर दोन दिवसांनी भरला असता!

त्या रात्री निघालेल्या किरणासोबत परत या. प्रवास सुमारे 340 वर्षांचा. तो वाटेत असताना पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली विनोबा जन्मतात. 1986 साली रोह्याला रेल्वे पोचते. ऑक्टोबर 1995 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ 51 पेगासी या ताऱ्याचा ग्रह जाहीर करतात, सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा; त्याच परिषदेत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी तपकिरी खुजा तारा जाहीर करतात. 2006 साली हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीला आपला मघेखालचा तारा सेकंदाला सुमारे 200 मीटर वेगाने डुलताना दिसतो, आणि ग्रह सापडतो. डिसेंबर 2019 मध्ये त्यांना भारताने निवडलेली नावं मिळतात: ताऱ्याला बिभा, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या बिभा चौधुरींवरून, ग्रहाला संतमस, पुण्याच्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवलेलं. त्या वयात आकाशातल्या एका ग्रहाला आपण सुचवलेलं नाव लागावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आज तुम्ही पेणला गच्चीवर उभे आहात. लहान दुर्बिणीत तो किरण येतो. दरम्यान संतमसाच्या 58 हजार फेऱ्या झाल्या. एवढा मोठा ग्रह इतक्या जवळ घडणं अवघड. तो बाहेरून आत सरकला असावा, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. बिभाच्या वेगात वर्षानुवर्षं एक संथ बदलही दिसतो. म्हणजे लांबवर आणखी कुणी जड सोबती फिरत असावा. त्यानेच संतमसाला आत ढकललं का, याचा शोध सुरू आहे.